‘हाई शिकीसन काय व्हई?’

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

“मॅडम, मी चोपडा तालुक्यातली. वय २३. यंदा तत्त्वज्ञानात एमए झाले. घरी केळीची शेती. शेवटच्या सत्राला कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतिशास्त्रावर निबंध लिहिला आणि तेव्हापासून डोक्यात तेवढंच आहे. यातच पीएचडी करायची, संशोधन करायचं, शिकवायचं असं मनाशी धरलंय. दादा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, ‘ज्याला कोड लिहिता येत नाही त्याला एआयमध्ये कोण विचारतं? तुम्ही लोक बाहेर बसून उपदेश करणार.’ आई म्हणते, बीएड करून घे. वडील काहीच बोलत नाहीत. परवा आजीनं विचारलं, ‘हाई शिकीसन काय व्हई?’ (हे शिकून काय होणार?) मला उत्तर देता आलं नाही. यात खरंच करिअर आहे का? आणि असलं, तर ते पुण्या-मुंबईच्या आणि परदेशातल्या मुलांसाठीच आहे का?”

प्रिय मुली,

आजीला सांगता येईल असं एक उदाहरण आधी देते. दादालाही त्यातच उत्तर मिळेल.

समज, एका बँकेनं पीककर्जासाठी एक संगणकप्रणाली आणली. अर्जदार कर्ज फेडेल की थकवेल याचा ती अंदाज बांधते आणि काही नावांपुढे ‘जोखीम’ असा शेरा मारते. दोन गावं धर. एक तापीकाठचं बागायती, दुसरं पारोळ्याकडचं कोरडवाहू. दोन्हीकडून शंभर-शंभर अर्ज आले. कोरडवाहू गावाला पाऊस दगा देतो, तिथे शंभरातले ६० थकतात. बागायती गावात २० थकतात. प्रणालीनं कोरडवाहू गावात ६० जणांवर शेरा मारला, त्यातले ४८ खरोखर थकले. बागायती गावात २० जणांवर मारला, त्यातले १६ थकले. म्हणजे शेरा दोन्हीकडे ८० टक्के बरोबर निघाला. बँक म्हणेल, आमची प्रणाली कुणाशी दुजाभाव करत नाही, हे आकडे बघा.

आता तेच आकडे दुसऱ्या टोकाकडून मोज. कोरडवाहू गावात इमानानं कर्ज फेडणारे ४० होते. त्यातल्या १२ जणांवर विनाकारण शेरा बसला, म्हणजे ३० टक्के. बागायती गावात फेडणारे ८०, त्यातल्या फक्त ४ जणांवर शेरा, म्हणजे ५ टक्के. एकाच इमानाची दोन माणसं, पण कोरडवाहू गावातल्याला नाहक नाकारलं जाण्याची भीती सहापट. त्याची चूक काय? त्याच्या शिवारात पाटाचं पाणी नाही, एवढीच.

यात गणित कुठेही चुकलेलं नाही, हे नीट लक्षात घे. थकण्याचं प्रमाण दोन गावांत वेगळं आहे आणि प्रणाली शंभर टक्के अचूक नाही, तोवर शेऱ्याचा खरेपणा आणि दोन्ही तऱ्हेच्या चुका दोन्ही गावांत एकदम सारख्या ठेवता येतच नाहीत. २०१६च्या सुमारास संशोधकांनी हे गणितानं सिद्ध करून दाखवलं. निमित्त होतं अमेरिकेतल्या ‘कॉम्पास’ नावाच्या प्रणालीचं. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा ती अंदाज देते. ‘प्रोपब्लिका’ या शोधपत्रकारिता करणाऱ्या संस्थेच्या पत्रकारांनी त्या वर्षी फ्लोरिडातल्या एका काउंटीतल्या नोंदी तपासल्या. ज्यांनी पुढे गुन्हा केलाच नाही अशा कृष्णवर्णीयांपैकी जवळपास ४५ टक्के लोकांना प्रणालीनं जास्त जोखमीचं ठरवलं होतं, गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण २४ टक्क्यांच्या आत होतं. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीनं उत्तर दिलं की आमचा अंदाज दोन्ही गटांत सारखाच खरा ठरतो. दोघांचेही आकडे आपापल्या जागी बरोबर होते.

मग न्याय कशाला म्हणायचं? दादाला सांग, तू यातली कुठलीही समानता कोडमध्ये बसवू शकतोस, पण कुठली बसवायची हे कोड तुला सांगणार नाही. गावाच्या दुष्काळाचा भार एकट्या माणसाच्या नावावर टाकणं योग्य आहे का, टाकायचा नसेल तर तो कुणी उचलायचा, बँकेनं, सरकारनं की बागायती गावानं, हे प्रश्न न्यायाचे आहेत आणि न्यायाची उत्तरं कारणं देऊन, आक्षेप झेलून तयार करावी लागतात. कुणीतरी बसून ती शिस्तीनं तयार करावीत यासाठी हा विषय आहे. आजीला एवढंच सांग की यंत्रानं ‘नाही’ म्हटलं तर ते ‘नाही’ न्यायाचं आहे का, हे तपासायला मी शिकतेय.

दादाच्या म्हणण्यातला अर्धा भाग मात्र मनावर घे. हे क्षेत्र बाहेर बसून उपदेश करणाऱ्यांनी भरत चाललंय आणि त्याला मीही वैतागले आहे. ‘तंत्रज्ञान दुधारी शस्त्र आहे’, ‘मानवी मूल्यं जपली पाहिजेत’ असली वाक्यं लिहायला पीएचडी कशाला हवी? मी जे आकड्यांचं उदाहरण दिलं, ते कागदावर स्वतः मांडता आलं पाहिजे. नमुन्यातली माहिती कुठून आली, प्रणालीला कशाबद्दल शाबासकी मिळते आणि कशाबद्दल दंड, चूक कोणत्या तऱ्हेची, हे विचारता आलं पाहिजे. त्यासाठी संभाव्यतेचं आणि संख्याशास्त्राचं पदवीच्या पहिल्या वर्षाइतकं ज्ञान, थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा आणि यंत्राला शिकवतात म्हणजे नेमकं काय करतात याची उघड्या डोळ्यांनी घेतलेली समज, एवढं पुरे. आयआयटींच्या एनपीटीईएल या संकेतस्थळावर हे अभ्यासक्रम फुकट आहेत. घरात शिक्षक आहेच. रविवारी दादाला फोनवर धर आणि त्याच्या कामातली एक प्रणाली समजावून घे. वाद घालण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडेल, त्यालाही.

प्रोग्रामर नसलेल्या तत्त्वज्ञांनी या क्षेत्राला आजवर काय दिलं, तेही त्याला सांग. १९६०-७०च्या दशकांत संगणक लवकरच माणसासारखा विचार करेल अशी भाकितं होत होती, तेव्हा ह्यूबर्ट ड्रायफस या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं माणसाची समज नियमांच्या यादीत मावत नाही असा आक्षेप घेतला. संगणकशास्त्रज्ञ त्याच्यावर चिडले. पुढे त्या नियमांच्या वाटेवरच मर्यादा आल्या. १९८० मध्ये जॉन सर्ल यांनी चिनी खोलीचा दाखला मांडला: चिनी न येणारा माणूस खोलीत बसून, नियमांचं पुस्तक बघून, चिनी प्रश्नांना बरोबर चिनी उत्तरं देतो. तू तो एमएला वाचलाच असशील. चिन्हांची बरोबर उलटापालट करणं म्हणजे अर्थ कळणं का, हा त्यांचा प्रश्न आज प्रत्येक चॅटबॉटच्या संदर्भात पुन्हा उभा राहतो.

आता तुझा शेवटचा प्रश्न, हे बाहेरच्यांसाठीच आहे का. याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय.

तू जिथून लिहितेस तिथून तासा-दीड तासावर अमळनेर आहे. श्रीमंत प्रतापशेठ यांनी १९१६ मध्ये तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभारलं, आजचं प्रताप तत्त्वज्ञान केंद्र. ‘फिलॉसॉफिकल क्वार्टर्ली’ हे इंग्रजी त्रैमासिक तिथून निघायचं आणि देशभरातले तत्त्वज्ञ त्यात वाद घालायचे. साने गुरुजी तिथे तत्त्वज्ञान शिकायला आले होते. मलकानी, रासविहारी दास, टी. आर. व्ही. मूर्ती हे तत्त्वज्ञ तिथलेच. १९३०च्या दशकात कृष्णचंद्र भट्टाचार्य संचालक म्हणून आले. विचारांमधलं स्वराज्य हा त्यांचा आग्रह होता. पाश्चात्त्य कल्पना नाकारा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, पण त्या आपल्या अनुभवाशी आणि परंपरेशी घासून न बघता उचलू नका, असं ते बजावत होते. आणि त्याच अमळनेरात १९४५ मध्ये वनस्पती तुपाची एक कंपनी निघाली, जी आज विप्रो म्हणून जगभर संगणकाची कामं करते. एका गावातून या दोन वाटा निघाल्या. त्या दोन्ही वाटा जिथे मिळतात त्या विषयावर काम करायला तुझ्याइतकी योग्य जागा मला तरी दुसरी दिसत नाही.

हे मी अभिमानापोटी बोलत नाही. बाहेर या विषयावर जे लिहिलं जातं त्यात चालकाशिवायची गाडी कुणाला वाचवेल, यंत्र जाणीवसंपन्न होईल का, असे प्रश्न फार असतात. तुझ्या घरी कोणता प्रश्न असतो? केळीचा विमा. हवामान आधारित फळपीक विम्यात तुझ्या वडिलांच्या बागेत कुणी नुकसान बघायला येतंच असं नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रानं नोंदवलेलं तापमान ठरलेल्या आकड्याला ठरलेले दिवस टेकलं, तर भरपाई. बाग थंडीनं करपलेली डोळ्यांना दिसतेय, पण केंद्राचा पारा तेवढा उतरला नाही, तर ‘आमचं मंडळ बसलं नाही’ एवढं म्हणून माणूस गप्प होतो. यात कृत्रिम बुद्धिमत्ता नाही, साधा नियम आहे. तरी निर्णय आकड्याकडे गेला की दाद मागायला समोर माणूस उरत नाही, ही अडचण तीच. विमा कंपनी केंद्राकडे बोट दाखवते, कृषी कार्यालय कंपनीकडे. नीतिशास्त्रात याला जबाबदारीतली पोकळी म्हणतात आणि २००४ पासून त्यावर खूप वाद झालाय. त्या वादात रावेर-यावलच्या शेतकऱ्याचा अनुभव कुणी मांडलेला मी वाचला नाही. वडिलांना यावर एकदा बोलतं कर. पत्रात लिहिलंस की ते गप्प आहेत. या विषयावर ते गप्प बसणार नाहीत.

देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, हे तुला ठाऊक असेल. पुढे रेशनच्या मशीनवर अंगठा लागत नाही म्हणून परत फिरणारी म्हातारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. आयुष्यभर निंदणी-खुरपणी करून झिजलेला अंगठा यंत्राला ओळखू येत नाही, तेव्हा ओळख पटवून देण्याचं ओझं कुणावर? हाही प्रबंधाचा विषय आहे.

आणि एक विषय असा आहे की त्यासाठी मी तुझ्या वयाची असते तर सगळं सोडून बसले असते. न्याय या प्राचीन भारतीय दर्शनात शब्द हे प्रमाण, म्हणजे ज्ञानाचं खात्रीचं साधन, आहे, पण कुणाचा शब्द? आप्ताचा. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याच्या मते आप्त म्हणजे ज्याला ती गोष्ट प्रत्यक्ष कळली आहे आणि जशी कळली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे असा माणूस. चॅटबॉटला या दोन्ही कसोट्या लाव. त्यानं काही पाहिलेलं नाही, आणि त्याला काही सांगायची इच्छा आहे असं म्हणणंही अवघड. मग त्याच्याकडून मिळालेलं ‘ज्ञान’ कोणत्या प्रमाणात बसवायचं? नैयायिक, म्हणजे न्यायदर्शन मानणारा, म्हणेल, हे शब्दप्रमाण नव्हेच, फार तर अनुमान: आजवर याची उत्तरं बहुतेक खरी निघाली, म्हणून हेही खरं असावं. मीमांसकाकडे, म्हणजे वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसा दर्शनाच्या पंडिताकडे, गेलीस तर वेगळीच गंमत. त्याच्या मते वेद अपौरुषेय आहेत, त्यांना वक्ताच नाही, आणि म्हणूनच त्यांच्यात वक्त्याचे दोष शिरू शकत नाहीत. शब्दाला वक्ता नसला तरी तो प्रमाण असू शकतो, हा वाद आपल्याकडे शतकानुशतकं बारकाईनं चालला. आज पहिल्यांदाच रोजच्या व्यवहारात असा मजकूर आलाय ज्याच्यामागे वक्ता आहे की नाही हेच सांगता येत नाही. मीमांसकाचा युक्तिवाद इथे लागू होतो का? माझ्या मते होत नाही, कारण हा मजकूर माणसांच्याच लिखाणातून गाळून आलेला आहे आणि माणसांचे सगळे दोष घेऊन आलाय. पण हे सिद्ध करायला एक अख्खा प्रबंध लागेल. फक्त एक पथ्य पाळ. ‘आपल्या पूर्वजांना एआय आधीच माहीत होतं’ या सुरात एक ओळही लिहू नकोस. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, प्रामाणिकपणे मांडून मग उत्तर देणं ही आपली खरी परंपरा आहे.

प्रबंधाचा विषय ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि नीतिमूल्ये: एक चिकित्सक अभ्यास’ असा ठेवू नकोस. असे प्रबंध ढिगानं होतील आणि कुणी उघडणार नाही. आज गाजणाऱ्या एखाद्या प्रणालीचं नावही शीर्षकात नको, तोंडी परीक्षेपर्यंत ती जुनी झालेली असेल. न्याय, जबाबदारी, साक्ष, संमती, विश्वास यातला एक जुना प्रश्न पक्का धर आणि त्याला नवी परिस्थिती लाव. एआयचा गाजावाजा ओसरला तरी तू न्यायावर किंवा प्रमाणशास्त्रावर काम केलेली अभ्यासक म्हणून उभी राहशील.

आता पैशाचं आणि नोकरीचं. इथे मी गोड बोलणार नाही.

महाराष्ट्रात तत्त्वज्ञानाचे विभाग थोडे, त्यात मंजूर जागा थोड्या आणि त्यातल्याही बऱ्याच रिकाम्या पडून असतात. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेली हुशार मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर राबताना मी पाहते. काही संस्थांत जागा भरताना गुणवत्तेआधी वेगळीच बोलणी होतात हेही तुला ऐकायला मिळेल. त्या दारात जाऊ नकोस, वडिलांची जमीन त्यासाठी विकू देऊ नकोस. परदेशातली केंद्रंही कायमची नसतात. ऑक्सफर्डमधली एआयच्या धोक्यांचाही अभ्यास करणारी एक गाजलेली संस्था, फ्यूचर ऑफ ह्युमॅनिटी इन्स्टिट्यूट, २००५ मध्ये सुरू झाली आणि एप्रिल २०२४ मध्ये बंद पडली. कंपन्या तत्त्वज्ञानात पीएचडी केलेल्यांना नेमतात हे खरं, डीपमाइंड आणि अँथ्रोपिक या एआय कंपन्यांमध्ये अशी माणसं आहेत, पण अशा जागा बोटांवर मोजण्याइतक्या. आणि पगार देणाऱ्याच्याच चुका दाखवायच्या असल्या की काम अवघड होतं. डिसेंबर २०२० मध्ये टिमनिट गेब्रू या नीतिशास्त्राच्या संशोधिकेला गूगल सोडावं लागलं, ते एका शोधनिबंधावरून झालेल्या वादानंतर. तिला काढलं की तिनं राजीनामा दिला, यावर दोन्ही बाजू वेगळं सांगतात. विद्यापीठातली नोकरी कमी पगाराची असली तरी तिथे हे बोलण्याची मोकळीक जास्त असते. म्हणूनच तू शिकवण्याचं म्हणतेस ते मला पटतं.

तेव्हा पहिलं लक्ष्य जेआरएफ, म्हणजे नेटमध्ये वरचे गुण मिळवणाऱ्यांना मिळणारी संशोधनवृत्ती. नेट वर्षातून दोनदा होते. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, पुढे ४२,०००, वर घरभाडं भत्ता, मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. वयाची मर्यादा ३० आहे, मुलींना पाच वर्षांची सवलत आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे. २०२४ पासून नेटचे गुण पीएचडीच्या प्रवेशालाही चालतात. तत्त्वज्ञानाच्या अभ्यासक्रमात उपयोजित तत्त्वज्ञानाचं एक प्रकरण आहे आणि त्यात माहिती तंत्रज्ञानाचे नैतिक प्रश्न येतात, तो भाग तुझ्या आवडीचा. बाकी भारतीय आणि पाश्चात्त्य दर्शनं मात्र कंटाळा न करता पाठ हवीत. जेआरएफ हुकली आणि तू निकषात बसत असलीस तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या बघ. भारतीय दार्शनिक अनुसंधान परिषदही देते. सेटची परीक्षाही देऊन ठेव.

बीएडबद्दल आईशी भांडू नकोस, पण आत्ता करू नकोस. दोन वर्षं त्यात गेली की नेटचा अभ्यास मागे पडतो, आणि दहावीपर्यंत शाळेत तत्त्वज्ञान हा विषयच नाही. आईला मुदत दे: नेटच्या चार खेपा, म्हणजे दोन वर्षं. तेवढ्यात घरी लग्नाचा विषय निघणार, हे तू लिहिलं नाहीस तरी मला कळतं. त्यालाही हीच मुदत सांग, तारीख घालून. मोघम ‘अजून शिकायचंय’ म्हटलं की घरातली माणसं धास्तावतात. महिन्याला ३७,००० हा आकडा वडिलांसमोर कागदावर लिहून ठेव. केळीच्या भावाचा हिशेब रोज करणाऱ्या माणसाला आकडा समजतो.

गाईड निवडताना विद्यापीठाच्या नावामागे धावू नकोस. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा तत्त्वज्ञान विभाग आहे, आयआयटी मुंबईच्या मानव्यविद्या विभागात तत्त्वज्ञानाचे अध्यापक आहेत आणि तिथे शेजारच्या इमारतीत यंत्र बनवणारे भेटतात, हा फायदा मोठा. पण ज्यांच्याकडे जाशील त्यांचे गेल्या काही वर्षांतले दोन लेख आधी वाच. भेटायला जाताना दोन पानांचं टिपण ने: एक प्रश्न, त्यावर आजवर कोण काय म्हणालं, आणि तुला त्यात काय पटत नाही. फळपीक विम्यावरचं किंवा आप्तवाक्यावरचं, जे आधी लिहून होईल ते. ते टिपण वाचून जे गाईड तुला उलट प्रश्न विचारतील त्यांच्याकडे नाव नोंदव. जे न वाचता ‘विषय चांगला आहे, करू आपण’ म्हणतील, त्यांचा चहा घे आणि निघ.